पुरंदरचं अंजीर आणि आयदिनचं अंजीर: दोन देशांतल्या दोन बागा

कऱ्हाकाठ | ९ मार्च, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मीठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी हंगाम, जोरात सुरू आहे. दिवे घाट चढून गेलं की दहा-बारा मिनिटांवर आमचं गाव. तिथे सध्या पहाटे चारला सगळ्या घरांत दिवे लागतात. मी चाकणला नोकरी करते, पण शनिवार-रविवार तोडणीला घरी असते. काल दुपारी अण्णा आडत्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) हातात घेऊन ओट्यावर गप्प बसले होते. शेजारचे काका म्हणाले, "तुर्कस्तानवाले बघा, अंजीर सुकवून जगभर विकतात. आपणच मागे." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. फरक एवढाच, की आता मी तिथली बाग डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणून हा धागा.

कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं इझमीरला होते. या शहराचं जुनं नाव स्मर्ना, आणि अंजिराच्या ज्या गटाला जगभर 'स्मर्ना' म्हणतात तो याच बंदराच्या नावावरून. इथून दक्षिणेला मेंदेरेस नदीचं खोरं लागतं, तोच आयदिन प्रांत. त्यात एका तालुक्याचं नावच इन्जिर्लिओवा, म्हणजे अंजिराचं मैदान. त्यांचा 'इन्जिर' आणि आपलं 'अंजीर' दोन्ही फारसीतून आले. त्यामुळे पहिल्याच दिवशी भाजीबाजारात मी 'अंजीर' म्हटलं आणि विक्रेत्याने बरोबर त्या टोपलीकडे बोट दाखवलं. घर सोडून महिना झाला होता. मला तिथेच रडू आलं.

सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीचं सासर आयदिनमधल्या गेर्मेन्जिकच्या वरच्या डोंगरात. तिच्या सासऱ्यांना मी आजोबाच म्हणायचे. त्यांची बाग पाहिली आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे ठिबकची नळी कुठेच नव्हती. डोंगरउतारावरची ती झाडं हिवाळ्यातल्या पावसावर जगतात. उन्हाळा पूर्ण कोरडा. खोडं माझ्या मिठीत मावणार नाहीत इतकी जाड, आणि दोन झाडांत एवढी जागा की मधून ट्रॅक्टर सहज फिरतो. आमच्याकडे १५ फुटांवर झाड, दर बहाराला छाटणी, आळ्यात शेणखत, ठिबक, आणि एप्रिलमध्ये विहीर आटली की टँकर.

जूनमध्ये त्यांनी मला पहाटे उठवून खालच्या बाजारात नेलं. तिथे लोक हिरवी, कडक, खाण्याच्या कामाची नसलेली फळं विकत घेत होते. ती रानटी नर अंजिराची फळं, त्यांना 'इलेक' म्हणतात. आत बारीक माश्या असतात. ही फळं जाळीच्या छोट्या पिशवीत घालून मादी झाडांवर टांगायची. माशी बाहेर पडते, परागकण अंगावर घेऊन मादी फळाच्या डोळ्यातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. आत अंडी घालायला तिला जागा मिळत नाही, पण परागीभवन होतं. हे झालं नाही तर तिथल्या सारिलोप जातीचं फळ अंगठ्याएवढं होऊन गळून जातं. म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा इलेक टांगतात. जास्त टांगली तर फळं तडकतात, आतून कुजतात. आजोबा झाडाकडे बघून सांगायचे, याला चार, त्याला सहा. मापाचा कागद वगैरे काही नाही.

आणि तोडणी? ते तोडतच नाहीत. फळ झाडावर पिकतं, तिथेच सुरकुततं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपोआप खाली पडतं. बायका आठवड्यातून दोन-तीनदा वेचायला जातात. मग उरलेली ओल उडेपर्यंत उन्हात फळ्यांवर पसरायचं. त्या काळात तिथे पावसाचा थेंब नसतो.

आमच्याकडे झाडावर सुरकुतलेलं फळ म्हणजे नुकसान. सकाळी सातच्या आत तोडायचं, देठाचा चीक हाताला लागून कातडी सोलवटते म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या, करंडीत अंजिराच्याच पानांवर थर लावायचे आणि गाडी घाटाखाली सोडायची. दुसऱ्या दिवशी ते फळ मऊ पडतं, तिसऱ्या दिवशी आंबतं.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. आजोबांचा माल पोत्यात भरून पडवीत ठेवता येतो. भाव पटला नाही तर ते दोन आठवडे थांबतात. शिवाय तारिश नावाचा शंभरहून जास्त वर्षं जुना सहकारी संघ आहे, तो हंगामाच्या तोंडावर खरेदीचा भाव जाहीर करतो. व्यापाऱ्याशी बोलताना आजोबांच्या हातात तो आकडा असतो. अण्णांच्या हातात काय असतं? पुण्याच्या मार्केट यार्डात, गुलटेकडीला गाडी लागली, भाव ऐकला, तर परत आणायचा प्रश्नच नाही. मागच्या वर्षी एका आडत्याने ४० पेट्यांचा भाव सकाळी एक सांगितला आणि पट्टीवर दुसरा लिहिला. 'दुपारी मऊ पडला माल' म्हणाला. अण्णांनी पट्टी घडी करून खिशात ठेवली, कारण मऊ पडला होता की नाही हे दाखवायला माल उरलाच नव्हता.

म्हणून 'आपणही सुकवा' हा सल्ला मला आता पटत नाही. ते आणि आपण एकाच नावाची दोन वेगळी पिकं घेतो. तुम्हाला काय वाटतं? पुरंदर, खेड शिवापूर, दौंड भागातले बागायतदार इथे असतील तर जरूर लिहा.

सोनोरीचा_माळ | ९ मार्च, रात्री ११.०२

ताई, मनापासून लिहिलंत. माझं दीड एकर अंजीर, एक एकर सीताफळ. एका बाबतीत दुरुस्ती करतो. पाणी हा फरक तुम्ही चार ओळींत उरकलात, माझ्यासाठी तोच पहिला आहे. त्यांचं झाड वर्षातून एक मुख्य पीक देतं आणि हिवाळ्यात पान टाकून झोपतं. आपण झाडाला झोपू देत नाही. खट्टा बहार धरायचा तर पावसाळ्यात फळ वाढतं, तांबेरा रोग पानांवर बसतो, बोर्डो हे बुरशीनाशक मारून मारून पंप गंजतो, आणि एवढं करून फळाला गोडी कमी. मीठा बहार धरायचा तर थंडीपासून मेपर्यंत पाणी लागतं. चव सगळी मीठ्याला, आणि पाणी नेमकं तेव्हाच नसतं. आमच्या शिवारात उपसा योजनेचं मुळा-मुठेचं पाणी येतं, नाहीतर टँकर.

त्यामुळे आजोबांना दोन आठवडे थांबता येतं हे खरं, पण त्यांच्यावर पाण्याचं कर्ज नाही म्हणूनही थांबता येतं.

मुळामुठा | १० मार्च, सकाळी ७.३०

विषय थोडा वेगळा, पण माशीचं वाचून राहवलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की अंजिरात माशी मरते म्हणून ते शाकाहारी नाही. आमच्या आईने तेव्हापासून उपासालासुद्धा अंजीर बंद केलं. ती ७८ वर्षांची आहे, तिला पोटासाठी डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पुरंदरच्या अंजिरातही असं असतं का?

निवृत्त_कृषीसेवक | १० मार्च, सकाळी ९.४८

मुळामुठा, आईंना निःशंक मनाने पुरंदरचं ताजं अंजीर द्या. आपली जात 'पूना अंजीर', ती सामान्य गटातली. तिला परागीभवन लागतच नाही. फळ आपलं आपण धरतं, आतलं बी पोकळ राहतं. आपल्या भागात नर अंजिराच्या बागा नाहीत, आणि त्या माशीचा जन्म नर अंजिरातच होतो. उंबरातली केंबरं (आतल्या बारीक माश्या) वेगळी, ती उंबराचीच. प्रत्येक जातीच्या झाडाची माशी ठरलेली असते, उंबराची माशी अंजिरात शिरून संसार करत नाही. 'उंबर फोडून केंबरं काढणे' म्हणतात ते पाहून लोकांनी अंजिरावरही संशय घेतला असावा.

सुकं आयदिनचं अंजीर असेल तर त्यात माशी शिरलेली असते हे खरं. फळातलं विकर तिला विरघळवून टाकतं, दाताखाली येतं ते बी. ज्यांच्या मनाला ते चालत नाही त्यांनी खाऊ नये. जैन परंपरेत पाच उदुंबर फळं वर्ज्य मानली आहेत ती याच विचाराने, आणि त्या लोकांनी हे सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखलं होतं याचं मला फार अप्रूप आहे.

आता मूळ विषय. मी फळबाग विभागात ३१ वर्षं काढली. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा मी नवखा होतो. पडीक माळावर खड्डे घेऊन सीताफळ, अंजीर, बोर, डाळिंब लावायचे दिवस ते. तेव्हाही शेतकरी विचारायचे, स्मर्नाची रोपं आणून लावू का? त्यांना मी कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगायचो. १८८० च्या दशकात तिथल्या लोकांनी स्मर्ना अंजिराच्या हजारो काड्या आणून लावल्या. झाडं जोमात वाढली, पण फळं बारीक असतानाच गळायची. लोकांना वाटलं तुर्कांनी फसवून भलत्याच काड्या दिल्या. नर झाड आणि माशी लागते हे शेतकरी सांगत होते, पण ती अडाण्यांची समजूत म्हणून हसण्यावारी नेली. शेवटी १८९९ मध्ये फ्रेस्नोला माशी आणून वसवली तेव्हा फळ टिकलं.

आपल्याकडे ती माशी आणली तरी नर झाडावर तिच्या पिढ्या वर्षभर टिकायला हव्यात, आणि फळ गळायच्या दिवसांत आकाश कोरडं हवं. आपला ऑगस्ट सगळ्यांना माहीत आहे. सासवडजवळ जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. तिथे याच मातीतल्या निवडीतून 'फुले राजेवाडी' ही जात आली. माझं मत असं, की पैसा आणि वेळ त्या दिशेने घालावा.

रविवार_पेठ | १० मार्च, दुपारी २.१०

सुक्या मेव्याच्या व्यापारात तिसरी पिढी. पुण्यात जे सुकं अंजीर खपतं ते बहुतेक अफगाणी, दोरीत ओवलेलं, चपटं, मधोमध भोक. तुर्की मालही येतो, गोल दाबून डब्यात भरलेला. त्याची प्रत किलोत नग किती बसतात त्यावर ठरते. नग कमी, भाव जास्त.

पुरंदरचं सुकवलेलं अंजीर दोन-तीन वेळा माझ्याकडे नमुना म्हणून आलं. प्रामाणिकपणे सांगतो, रंग काळपट, साल चिवट आणि चघळल्यावर तो खसखशीसारखा दाणा लागत नाही. वरच्या प्रतिसादात बी पोकळ राहतं असं वाचलं, तेव्हा आज कारण कळलं. इतकी वर्षं मी शेतकऱ्याला 'नीट सुकवलं नाही' म्हणत होतो. ते चूक होतं.

कऱ्हाकाठ | १० मार्च, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. मुळामुठा, आईंना आमच्या बागेतलं पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

माळदादा, पाण्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मी घाईत पुढे गेले.

सुकं अंजीर म्हणजे बिनकाळजीचं पीक असं वाटू नये म्हणून एक पाहिलेली गोष्ट लिहिते. आजोबांचा माल ज्या गोदामात जायचा तिथे मी गेले होते. एक अंधारी खोली, वर जांभळट अतिनील दिवे, दोन्ही बाजूंना रांगेत बायका. पट्ट्यावरून अंजीर पुढे सरकतं आणि एखादं हिरवट-पिवळं चमकलं की ते उचलून वेगळ्या पेटीत टाकायचं. ती चमक ॲस्परजिलस बुरशीची खूण, म्हणजे अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका. युरोपात सुक्या अंजिराला बी-१ अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम आणि एकूण १०. एवढ्यावरून आख्खा कंटेनर परत येऊ शकतो. जमिनीवर पडलेलं फळ एक रात्र उशिरा वेचलं, त्यात दव पडलं, की बुरशी धरते. म्हणून आजोबांकडे वेचणीच्या दिवसांत लग्नकार्यसुद्धा ठेवत नाहीत.

त्या बायका आठ तास अंधारात उभ्या असतात. एकीने मला हात दाखवले, चिकाने बोटांची कातडी गेलेली. माझ्या आईचे हात तसेच आहेत. दोघींची भाषा वेगळी, पण रात्री तेल चोळायची पद्धत एकच.

आणि हो, तिथलंही सगळं छान चाललंय असं नाही. त्या खोऱ्यात भूगर्भातल्या उष्णतेवर वीज करणारे प्रकल्प आले आहेत. वाफेने आणि पाण्याने बागा बिघडतात अशी शेतकऱ्यांची तक्रार, आंदोलनंही झाली. आजोबा रोज सकाळी पान उलटून बघायचे.

एखतपूरची_वाट | १० मार्च, रात्री १०.४४

आंदोलनाचं वाचून लिहितेय. पुरंदर विमानतळाचा विषय २०१६ पासून डोक्यावर आहे. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव या सात गावांच्या नावांत आमचं गाव आहे. अंजिराचं झाड लावलं की भरात यायला चार-पाच वर्षं लागतात. जमीन राहणार की जाणार हे माहीत नसताना गुटी कलम लावायचं की नाही, हे माझ्या नवऱ्याला कोणीच सांगू शकत नाही. मागच्या पावसाळ्यात आम्ही लावली. ३० झाडं. सासूबाई म्हणाल्या, कोणी का खाईना, झाड लावून ठेवा.

पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं तेही २०१६ लाच.

कऱ्हाकाठ | १० मार्च, रात्री ११.०५

आणि आयदिनच्या अंजिराला युरोपीय संघाचं मूळस्थानाचं संरक्षण मिळालं तेही २०१६. हे मला आजोबांच्या पडवीत लावलेल्या कागदावरून कळलं. ताई, ३० झाडं चांगली रुजोत.

हडपसर_स्वयंपाकघर | ११ मार्च, सकाळी ११.३०

ताजं अंजीर घ्यायचं कसं ते कोणी सांगाल का? दर वेळी वरचा थर छान आणि खाली पाणी सुटलेलं निघतं. उरलेल्याचा मी मुरंबा करते. साखर अंजिराच्या निम्मी, लिंबाचा रस, आणि गॅस मंद. वरून सुंठ. वर्षभर नाही, पण फ्रिजमध्ये दोन महिने टिकतो.

सोनोरीचा_माळ | ११ मार्च, दुपारी १.१५

ताई, देठाजवळ मान किंचित झुकलेली हवी, साल जांभळट-तांबूस आणि दाबल्यावर मऊ, पण बोटाला ओल लागता कामा नये. डोळ्यातून रस गळत असेल तर ते आंबायला लागलं. शक्यतो सकाळी घ्या, कारण सकाळचं फळ त्याच पहाटेचं असतं. खालचा थर चेपलेला निघतो तो आमच्याच घाईमुळे. मी आता दोन थरांच्या वर लावतच नाही.

सुकवण्याबद्दल माझा स्वतःचा हिशेब सांगायचा राहिला. दोन वर्षांपूर्वी भाच्याने सौर वाळवणयंत्र आणलं. १० किलो एक नंबर माल वाळवला, अडीच किलो निघाला. त्या दिवशी गुलटेकडीला किलोला ७० मिळत होते, म्हणजे एक किलो सुक्यामागे २८० रुपयांचं नुसतं फळच गेलं. मजुरी, पिशवी वेगळीच. रविवार पेठेतल्या दादांनी सांगितलेली चवही खरी आहे. पण दोन नंबरचा, तडकलेला माल, ज्याला बाजारात २० सुद्धा मिळत नाहीत, तो लगदा करून वाळवला तर पोळीसारखा निघतो. आंबापोळीसारखी अंजीरपोळी. माझ्या मुलीच्या शाळेत डब्यातून ती संपते. त्याला माशी, दाणा, रंग काहीच आड येत नाही.

निवृत्त_कृषीसेवक | ११ मार्च, सायंकाळी ६.००

अंजीरपोळीची कल्पना उत्तम. पाण्याचा अंश नीट मोजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येईल.

कऱ्हाकाठ यांच्या मूळ मुद्द्यात एक भर. इझमीर ते आयदिन रेल्वे १८६६ साली पोचली, त्या खोऱ्यातलं अंजीर बंदरावर नेणं हा तिचा एक मोठा हेतू होता. आपल्याकडे बोरघाटातून पुणे-मुंबई रेल्वे १८६३ लाच सुरू झाली. घाट दोघांनीही वेळेत ओलांडला. पण त्यांच्या डब्यात सहा महिने टिकणारा माल होता आणि आपल्या डब्यात दोन दिवस टिकणारा. टिकणाऱ्या मालाभोवती गोदाम, प्रतवारी, संघ, भावाचा फलक हे सगळं उभं राहिलं. ताज्या फळाभोवती ते उभं करायचं असेल तर गोदामाच्या जागी शीतगृह हवं, तेही घाटाच्या वर, बागेजवळ. मार्केट यार्डात पोचल्यावर गार करून उपयोग नाही. तोडल्यावर फळ जितकं लवकर गार होईल तितकं ते टिकतं.

२०१६ मध्ये फळं आणि भाज्यांची आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा नियम झाला, बाजार समितीबाहेर विकायची मोकळीकही मिळाली. त्या मोकळिकीचा उपयोग करायला हातात दोन दिवस जास्त हवेत. ते दोन दिवस थंडाव्याने मिळतात.

कऱ्हाकाठ | १४ मार्च, रात्री ९.५०

उशीर झाला, तोडणीत होते.

हा धागा मी अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. तांबेऱ्याच्या भागाला त्यांनी मान हलवली, आडत्याच्या भागाला म्हणाले, "हे कशाला लिहिलंस?" पण पुसून टाक म्हणाले नाहीत. घाटाच्या वर शीतगृह हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आमच्या वाडीत ११ घरांचं अंजीर आहे. रोज ११ जण वेगवेगळ्या गाड्यांना माल देतात. शनिवारी सगळे आमच्या ओट्यावर बसले. एकच पिकअप ठरवायची, माल पहाटे साडेपाचपर्यंत एका पत्र्याच्या शेडमध्ये आणायचा, प्रतवारी तिथेच करायची आणि अर्धा माल पाव किलोच्या पनेटमध्ये (छोट्या डब्यात) थेट हडपसर-मगरपट्टा भागातल्या सोसायट्यांना द्यायचा, एवढं ठरलं. उरलेला अर्धा नेहमीसारखा गुलटेकडीला. शीतगृहाचं अजून कोणी बोललं नाही, पण धाकट्या चुलत्यांनी जुन्या दुधाच्या गार खोलीची किंमत विचारून ठेवली आहे. दोन नंबरचा माल माळदादांकडे पोळीसाठी पाठवायचा आहे. दादा, कधी आणू ते कळवा.

आजोबांना आज व्हिडिओ कॉल लावला होता. करंडी दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, इलेक कधी टांगता? मी सांगितलं, आमच्याकडे टांगावी लागत नाही, झाड आपलं आपण फळ धरतं. मैत्रिणीने त्यांना दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी मला एक फळ कॅमेऱ्यासमोर फोडायला लावलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग अण्णांना म्हणाले, देठाकडून धरू नका, बुडाखाली तळहात ठेवा. अण्णा म्हणाले, तसंच धरतो.

हडपसर_स्वयंपाकघर, पहिली गाडी रविवारी सकाळी सातला मगरपट्ट्याला येईल. खालचा थर बघूनच घ्या.